नाशिकला येताय? ऑनलाइन बुकिंग करताना ऐसपैस खोली कशी शोधायची

नाशिकला येणारं कुटुंब सहसा दोन माणसांचं आणि एका बॅगेचं नसतं. सोबत आजी-आजोबा असतात, मुलं असतात, त्र्यंबकला पूजा असेल तर धोतर-साड्यांची वेगळी पिशवी असते. रामकुंडावर स्नान करून आलं की ओल्या कपड्यांचा गठ्ठा खोलीवर येतो आणि तो वाळत कुठे घालायचा हा प्रश्न उभा राहतो. नारायण नागबळी तर तीन दिवसांचा विधी आहे. तीन दिवस चार माणसं एका दाटीवाटीच्या खोलीत राहिली की सगळ्यांची चिडचिड होते, आणि ज्यासाठी आलो त्यातलं समाधान निघून जातं. त्यामुळे इथे खोली निवडताना एसी, टीव्ही, वायफाय यांच्या आधी जागा बघावी, असं माझं ठाम मत आहे.

नाशिकमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला पाहुण्यांचे फोन येतात, ‘जरा बरी खोली बघून ठेव ना.’ मलाही येतात. त्यातून जी पद्धत बसत गेली, ती इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच मोबाइलवरून बुकिंग करणाऱ्यालाही ती जमेल.

पहिली पायरी : माणसं खरी भरा, तारीख पंचांगाशी ताडून बघा

बुकिंगच्या कुठल्याही साइटवर सुरुवातीला शहर, तारखा आणि माणसं विचारतात. मेकमायट्रिप, गोआयबिबो, बुकिंग डॉट कॉम, अगोडा, कुठेही जा, हा रकाना असतोच. बरेच जण तो तसाच ‘दोन प्रौढ’ ठेवून पुढे जातात. मुलं काय, आईजवळ झोपतील, असा हिशोब असतो. असं केलं की साइट तुम्हाला दोघांच्याच खोल्या दाखवते. कुटुंबासाठीच्या मोठ्या खोल्या यादीत मागे पडतात, आणि काउंटरवर पोचल्यावर जादा माणसाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. मुलांची वयंसुद्धा खरी टाका. कुठे पाच वर्षांपर्यंतचं मूल मोफत असतं, कुठे मर्यादा वेगळी असते. मात्र ‘मोफत’ म्हणजे वेगळा बिछाना मिळेल असा अर्थ नाही. मूल तुमच्याच पलंगावर झोपणार, हे गृहीत धरलेलं असतं.

तारखांचं म्हणाल तर नाशिकची गर्दी पंचांगावर चालते. श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा, कारण त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटच्या लोट येतात. पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते, चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाची. जानेवारी ते मार्च हा द्राक्षकाढणीचा काळ, तेव्हा शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टांवर मुंबई-पुण्याची झुंबड असते. अशा दिवसांत मोठ्या खोल्या सगळ्यात आधी संपतात, कारण एका हॉटेलात त्या मुळातच मोजक्या असतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी यायचं असेल तर हा लेख पुरेसा नाही, तेव्हाची गणितं सगळीच वेगळी असतील. फक्त एवढं सांगतो की त्या काळातलं बुकिंग करताना रद्द केल्यास पैसे परत मिळणार का, ही ओळ आधी वाचा आणि मग बाकीचं.

तारीख थोडी मागेपुढे करता येत असेल तर मंगळवार ते गुरुवार बघा. तेवढ्याच पैशांत वरच्या प्रकारची खोली मिळण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

दुसरी पायरी : नाशिकचा कुठला भाग

जागा हवी असेल तर हॉटेल कुठे आहे याला फार महत्त्व आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला नेमकं हेच स्क्रीनवर दिसत नाही.

पंचवटी, रविवार कारंजा, मेन रोड हा जुना नाशिकचा भाग. वाड्यांच्या जागी, अरुंद प्लॉटवर उभ्या राहिलेल्या इमारती. रामकुंड, काळाराम मंदिर, सीता गुंफा पायी अंतरावर, हा मोठा फायदा. पण खोल्या बहुधा लहान, खिडकी बोळात किंवा डक्टमध्ये उघडणारी, आणि गाडी लावायला जागा नाही. अपवाद आहेत. यात्रेकरूंसाठी चार-सहा खाटांच्या मोठ्या खोल्या ठेवणाऱ्या जुन्या लॉज आणि धर्मशाळा याच भागात आहेत. त्यातल्या पुष्कळशा ऑनलाइन साइटवर नसतात, फोन करूनच विचारावं लागतं.

मुंबई नाका, द्वारका, इंदिरानगर, पाथर्डी फाटा हा मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेचा पट्टा. इथली हॉटेलं तुलनेने नवी, पार्किंग आणि लिफ्ट असलेली. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कामासाठी येणारे लोक आठवड्याच्या मधल्या दिवसांत इथे उतरतात. कुटुंबाला माझी पहिली शिफारस हीच. पंचवटीत रिक्षाने जा, दर्शन घ्या, परत या. फक्त खोली महामार्गाच्या बाजूची नको, मागच्या बाजूची मागा. रात्रभर ट्रकांचे हॉर्न वाजत असतात.

गंगापूर रोडने धरणाकडे, गोवर्धन, गिरणारे या बाजूला गेलात की रिसॉर्ट आणि व्हिला लागतात. जागा भरपूर, अंगण, झाडं. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्टही गंगापूर धरणाच्या काठीच आहे. स्वतःची गाडी असेल तरच इकडे या, कारण रात्री रिक्षा मिळणं कठीण.

नाशिक रोड स्टेशन शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. सकाळी लवकरची गाडी पकडायची असेल तर शेवटची रात्र तिथे काढणं सोयीचं. मुक्तिधाम मंदिरही तिथेच आहे. आणि त्र्यंबकेश्वर नाशिकपासून साधारण तीस किलोमीटर. नकाशात ‘नाशिक’ टाकल्यावर त्र्यंबकची हॉटेलंही यादीत येतात, तेव्हा पत्ता नीट बघा. पूजा त्र्यंबकला असेल तर मात्र तिथेच राहा. पहाटेच्या पूजेसाठी म्हाताऱ्या माणसांना रोज तीस किलोमीटर नेणं बरं नव्हे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवासही त्र्यंबकला आहे.

तिसरी पायरी : खोलीचं नाव सोडा, आकडा शोधा

स्टँडर्ड, डिलक्स, सुपीरियर, एक्झिक्युटिव्ह, प्रीमियम, क्लब. ही नावं हॉटेलवाला स्वतः ठेवतो, त्यांना कुठलंही ठरलेलं माप नाही. कित्येक ठिकाणी ‘डिलक्स’ ही सगळ्यात खालची खोली असते, आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे तीच खोली, फक्त वरच्या मजल्यावर आणि चहाच्या किटलीसकट. तारांकनाचंही तसंच. तीन तारे असलेल्या हॉटेलात खोली तुमच्या मनाजोगती मोठी असेलच, असं धरून चालू नका.

खरी माहिती असते ती क्षेत्रफळाच्या आकड्यात. हॉटेलच्या पानावर खाली ‘खोल्या निवडा’ असा भाग येतो, तिथे प्रत्येक प्रकारावर बोट ठेवलं की तपशील उघडतो. पलंगाचा प्रकार, खिडकीतून दिसणारं दृश्य आणि त्यांच्याच शेजारी बारीक अक्षरात चौरस फूट किंवा चौरस मीटर. हा आकडा यादीच्या पहिल्या पानावर दिसत नाही आणि त्यावरून खोल्या चाळण्याची सोयही बहुतेक ठिकाणी धड नसते. एकेक हॉटेल उघडूनच बघावं लागतं. चार-पाच हॉटेलं निवडा आणि वहीत किंवा मोबाइलमध्ये आकडे लिहून ठेवा.

आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६ ने गुणा. तोंडी करायचं तर दहाने गुणून वर थोडं धरा. १८ चौरस मीटर म्हणजे साधारण १९४ चौरस फूट.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया किती आणि बिल्टअप किती हे खोदून विचारतो. हॉटेलच्या आकड्याबाबतही तेच विचारायला हवं. बऱ्याचदा त्यात बाथरूम धरलेली असते, कधी बाल्कनीही. पाच बाय आठची बाथरूम ४० चौरस फूट खाते. म्हणजे १९४ मधून उरले १५४. त्यात दारातून आत येतानाचा अरुंद बोळ असेल तर पलंगाभोवतीची जागा आणखी कमी.

काही आकडे तर सरळ चुकलेले असतात. दोन माणसांच्या खोलीला २०० चौरस मीटर लिहिलेलं दिसलं तर समजा की फूट आणि मीटरची गल्लत झाली आहे. सगळ्या प्रकारच्या खोल्यांना एकच आकडा दिला असेल तरी तो विश्वासाचा नाही, कुणीतरी एकदा भरला आणि सगळीकडे चिकटवला. अशा वेळी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि दुसऱ्या एखाद्या साइटवर तीच खोली काढून बघा. दोन ठिकाणी आकडा जुळला की बरं.

चौथी पायरी : पलंग टाकल्यावर उरतं किती

नुसत्या चौरस फुटांवरून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून कागदावर मांडून बघू. दहा बाय बाराची खोली, बाथरूम सोडून. किंग साइज पलंग सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो. तो दहा फुटांच्या भिंतीला डोकं करून मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायथ्याशी उरतात साडेपाच फूट. त्यातून समोरच्या भिंतीला लागलेलं टीव्हीचं टेबल दीड फूट घेतं. राहिले चार. इथे तिसऱ्या माणसाची गादी टाकली, तिची रुंदी अडीच ते तीन फूट, की चालायला जेमतेम एक-दीड फूट. रात्री आजोबांना बाथरूमला जायचं तर नातवाच्या पायांवरून जावं लागणार. बॅगा कुठे ठेवणार? आणि अजून कपाट मांडलेलंच नाही, दाराचा पल्ला आत उघडतो तो वेगळाच.

आता बारा बाय पंधरा घ्या, म्हणजे १८० चौरस फूट. तोच पलंग बारा फुटांच्या भिंतीला. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. पायथ्याशी साडेआठ, टेबल वजा जाता सात. गादी टाकली तरी चार फुटांची मोकळी वाट राहते. कागदावर फक्त साठ चौरस फूट वाढले, पण राहण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

यावरून मी ठोकताळा धरतो तो असा : बाथरूम सोडून दोघांना १५० चौरस फूट, तिघांना १८० ते २००, आणि चौघं एकाच खोलीत राहणार असतील तर २५० च्या खाली जाऊ नये. दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर याहून थोडं जास्तच बघावं.

पलंगाचा प्रकारही नीट वाचा. क्वीन साइज पाच फूट रुंद असतो, किंगपेक्षा एक फूट कमी. दोन प्रौढ आणि एक मूल क्वीनवर मावत नाहीत. ट्विन म्हणजे दोन सुटे पलंग. ते जोडून मोठा पलंग करता येतो का, हे हॉटेलला विचारता येतं, आणि जोडले की खोलीतली बरीच जमीन मोकळी होते.

पाचवी पायरी : फोटो वाचायला शिका

हॉटेलचे फोटो रुंद कोनाच्या लेन्सने, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात. त्यामुळे जवळच्या गोष्टी ताणल्या जातात आणि समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटते. ओळखायची खूण सोपी आहे. फोटोच्या कडेला एखादी गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ, छताचा दिवा, स्टुलाची बैठक. ती अंडाकृती दिसत असेल तर खोली फोटोत दिसते त्याहून बरीच लहान आहे. एकाच फोटोत तीन भिंती दिसत असतील तरी हेच समजा. भिंतभर आरसा असेल तर आरशातली जागा वजा करा.

मापायला सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे जमिनीवरची फरशी. आपल्याकडे हॉटेलांत दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स सर्रास असतात. फोटो मोठा करा आणि पलंगाच्या कडेपासून भिंतीपर्यंत फरश्या मोजा. एकच पूर्ण फरशी दिसली, तर दोन फूट. दोन दिसल्या, तर चार. फरशी नेमकी दोन फुटांची आहे की चार बाय दोनची, याची खात्री पलंगावरून करता येते. किंग पलंगाची रुंदी दोन फुटांच्या बरोबर तीन फरश्यांएवढी असते. लाकडी फ्लोअरिंग किंवा गालिचा असेल तर दारावरून अंदाज घ्या, खोलीचं दार साधारण तीन फूट रुंद असतं.

फोटोत काय दाखवलेलं नाही, तेही बघा. पलंगाचे सहा फोटो आणि दाराकडून काढलेला एकही नाही? बाथरूमचा फक्त आरसा आणि नळ? खिडकीचा पडदा प्रत्येक फोटोत ओढलेला? असं असेल तर फोनवर विचारायच्या प्रश्नांत हे लिहून ठेवा. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या खोल्यांना एकच फोटो लावलेला असेल तर जास्त पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

हॉटेलच्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी टाकलेले फोटो शंभर पटींनी कामाचे. गूगल मॅपवर ते वेगळे बघता येतात. मोबाइलने उभ्याने काढलेले, पलंगावर टॉवेल पडलेला, बॅग उघडी, मूल मधे आलेलं, असे. उघडी बॅग जमिनीवर आहे आणि तिच्या भोवती माणूस फिरू शकतोय, असं दिसलं की खोली बरी आहे.

सहावी पायरी : रिव्ह्यूमध्ये नेमके शब्द शोधा

सगळे रिव्ह्यू वाचत बसू नका. गूगल मॅपवर आणि बऱ्याच साइटवर रिव्ह्यूंमध्ये शोधायची सोय असते. तिथे ‘स्पेशियस’, ‘स्मॉल’, ‘कन्जेस्टेड’, ‘एक्स्ट्रा बेड’, ‘फॅमिली’ हे शब्द इंग्रजीत टाका. मराठीत ‘खोली लहान’ आणि हिंदीत ‘रूम छोटा’ हेही टाकून बघा, कारण आपल्याकडचे पाहुणे तिन्ही भाषांत लिहितात. नवीन आधी दिसतील असं लावा. चार वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू नूतनीकरणाआधीचा असू शकतो.

कोण लिहितंय हेही बघा. कामासाठी एकटा आलेला माणूस ‘रूम खूप मोठी’ म्हणतो, त्याचा आपल्याला उपयोग नाही. दोन मुलांना घेऊन तीन रात्री राहिलेल्या बाईने ‘बॅगा ठेवायला जागा मिळाली’ एवढं एक वाक्य लिहिलं असेल, तर ते डोळे झाकून धरा.

सातवी पायरी : एक मोठी खोली की दोन साध्या?

चार-पाच जण असतील तर हा प्रश्न येतोच, आणि उत्तर दरवेळी फॅमिली रूम असं नसतं. यात जीएसटीचा हिशोब फार थोडे लोक करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर लागतो, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आता समजा, फॅमिली स्वीट, म्हणजे कुटुंबासाठीची मोठी खोली, ८,००० रुपयांना आहे आणि साध्या दोन खोल्या प्रत्येकी ४,००० ला. दिसायला दोन्ही सारखं. पण स्वीटवर १,४४० रुपये कर लागून ९,४४० होतात आणि दोन खोल्यांवर ४०० रुपये लागून ८,४००. दोन खोल्यांत जागा जास्त, बाथरूम दोन, आणि एका रात्रीमागे हजार-एक रुपये वाचले. पहाटे पाचला सगळ्यांना आंघोळ करून निघायचं असेल तेव्हा दुसरी बाथरूम किती मोलाची, हे तीर्थाला जाणाऱ्यांना सांगायला नको.

दोन खोल्या घेताना ‘इंटरकनेक्टिंग’ मिळतात का विचारा, म्हणजे मधे आतून दार असतं. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. साइटवर विनंतीचा रकाना असतो, तिथे लिहिलेलं हॉटेलवर बंधनकारक नसतं. लहान मुलं किंवा आजारी माणूस सोबत असेल तर हे फोनवर पक्कं करून घ्याच.

सहाच्या वर माणसं असतील तर हॉटेलऐवजी अख्खा फ्लॅट किंवा व्हिला बघा. एअरबीएनबीवर बेडरूम, पलंग आणि बाथरूम यांची संख्या वेगवेगळी निवडता येते, ती निवडाच. ‘आठ जणांसाठी’ असं लिहिलेल्या घरात कधी दोनच बेडरूम असतात आणि बाकीच्यांची सोय हॉलमधल्या सोफ्यावर. शहरातल्या फ्लॅटसाठी सोसायटीचे नियम, लिफ्ट आणि पाण्याची वेळ विचारा. गंगापूर रोडच्या व्हिलांमध्ये भाडं माणशी आहे की घराचं, आणि जेवण धरून की सोडून, हे लेखी घ्या.

आठवी पायरी : एक फोन करा

एवढं करून दोन-तीन हॉटेलं उरली की पैसे भरण्याआधी फोन लावा. सगळ्या पायऱ्यांत मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते, आणि नवीन माणसं नेमकी तीच टाळतात. नंबर मात्र हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. सर्चमध्ये वर आलेला कुठलाही मोबाइल नंबर उचलू नका, देवस्थानांच्या आणि हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर आणि खोट्या साइट चालवणारे आहेत. कुणी घाईघाईने क्यूआर कोड पाठवून ‘आत्ताच ॲडव्हान्स टाका, नाहीतर खोली जाईल’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

बोलायचं कसं? आपण घरात बोलतो तसंच. ‘दादा, नमस्कार. आम्ही पाच जण आहोत, त्यात दोन वयस्कर. तुमची डिलक्स खोली आतून किती बाय किती आहे? बाथरूम सोडून सांगा.’ चौरस फूट विचारलेत तर रिसेप्शनवरचा मुलगा अडखळेल, ‘किती बाय किती’ विचारलं की तो पटकन ‘बारा बाय चौदा’ असं सांगेल. रिसेप्शनवर हिंदी बोलणारा असेल तरी हा प्रश्न त्याला लगेच कळतो.

मग पुढचा प्रश्न, जो मी हमखास विचारायला सांगतो : ‘याच भाड्यात तुमच्याकडे सगळ्यात मोठी खोली कुठल्या नंबरची?’ एकाच प्रकारातल्या सगळ्या खोल्या सारख्या नसतात. कोपऱ्यातली खोली, जिन्याशेजारची, खांब मधे आलेली, प्रत्येकीत दोन-चार फुटांचा फरक पडतो. काउंटरवरच्या माणसाला हे पाठ असतं. ‘दोनशे सहा मोठी आहे साहेब, पण खिडकी मागे उघडते,’ असं तो सांगून टाकतो. लगेच तो नंबर आपल्या बुकिंगवर लिहून ठेवायला सांगा आणि बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्या.

याशिवाय, एक्स्ट्रा बेड म्हणजे खाट की जमिनीवरची गादी, त्याचे पैसे किती, आणि ती टाकल्यावर बाथरूमचं दार उघडतं का? कपडे वाळवायला बाल्कनी किंवा गच्ची आहे का? लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? आवारात लग्नाचं लॉन असेल तर त्या तारखेला लग्न आहे का? डीजे रात्री दहाला बंद झाला तरी मंडपवाले मध्यरात्रीपर्यंत आवराआवर करत असतात. शंका असेल तर व्हॉट्सॲपवर खोलीचा छोटा व्हिडिओ मागा, दारातून आत चालत येताना काढलेला. बरेच हॉटेलवाले आनंदाने पाठवतात. टाळाटाळ करणाऱ्याला मी यादीतून काढतो.

फोनवर थेट बुकिंगचा दरही विचारा. कधी साइटपेक्षा कमी मिळतो, कधी त्याच पैशांत नाश्ता मिळतो. पण थेट बुकिंग केलंत तर खोलीचा नंबर, भाडं आणि रद्द करण्याची अट मेसेजवर मागून घ्या.

नववी पायरी : पैसे भरताना

शेवटच्या पानावरचं एकूण बघा, पहिल्या पानावरच्या भाड्यात कर बहुतेक वेळा धरलेला नसतो. शक्य असेल तर मोफत रद्द करता येणारं बुकिंग घ्या, भले थोडं महाग पडलं. ‘मोफत’ची मुदत कधी संपते ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा. बुकिंगच्या पावतीवर खोलीचा प्रकार, माणसांची संख्या आणि मुलांची वयं बरोबर आली आहेत ना, तेवढं तपासा, आणि ज्या पानावर क्षेत्रफळ लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट काढा. याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

दहावी पायरी : पोचल्यावर

सामान वर न्यायच्या आधी एकाने खोली बघून यावं. रजिस्टरमध्ये सही करण्याआधी हे सांगण्यात काही गैर नाही, ‘एकदा खोली बघतो’ म्हटलं की चावी मिळते. दार पूर्ण उघडतं का, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी जाता येतं का, खिडकी उघडते का, बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसाला बसून आंघोळ करता येईल एवढी जागा आहे का. जमिनीवरच्या फरश्या मोजा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खोली सांगितल्यापेक्षा लहान निघाली तर तिथेच, शांतपणे बोला. फोनवर ठरलेला खोलीचा नंबर आणि त्या माणसाचं नाव सांगा. बहुतेक वेळा दुसरी खोली मिळते, विशेषतः दुपारी लवकर पोचला असाल तर. संध्याकाळी सात नंतर मोठ्या खोल्या गेलेल्या असतात, म्हणून चेक-इनच्या वेळेलाच पोचायचा प्रयत्न करा. हॉटेलने ऐकलंच नाही तर रिसेप्शनवर उभं असतानाच बुकिंग साइटच्या मदतकेंद्राला फोन लावा, स्क्रीनशॉट आणि खोलीचे फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही, कारण रात्र तुम्ही तिथे काढलेली असते. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवताना बुकिंगची पावती आणि हॉटेलचं बिल दोन्ही जवळ ठेवा.